करवंदाच्या पानाचं इंजिन

मु. पो. खर्डी, ता. शहापूर
२२ ऑगस्ट २०२४

चि. अपेक्षास आजीचा आशीर्वाद.

तू विसरलीस. काय विसरलीस तेही तुला आठवत नसेल, म्हणून मीच सांगते. माझ्या तोंडात दात नायत. शेवटचा पडला तेव्हा मी तो तुझ्याच हातावर ठेवला होता आणि तू ‘ई’ करून उडाली होतीस. तरी नाशिकहून किलोभर चिवडा पाठवलास. तुझ्या आईने खाल्ला, तुझ्या बापाने खाल्ला, मी पिशवीचा वास घेतला.

पत्र तुझी आई लिहिते आहे. तू म्हणालीस लेखी पायजे, खाली अंगठा पायजे, म्हणून हा खटाटोप. नायतर फोनावर बोलले असते, पण फोनात तुझा आवाज मला डबक्यातल्या बेडकासारखा येतो. अनिता अक्षर चांगलं काढते, फक्त मी सांगते त्यातलं निम्मं गाळते. मी सांगितलंय, गाळलंस तर भाकरी तू थापायचीस.

तुझ्या कागदावर पहिला प्रश्न, इंजिन रंगवणाऱ्याचं नाव. मी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाय, अनिता सासऱ्याचं घेत नाय. दोघी एकमेकींकडं बघत बसलो. शेवटी तिने तोंड मिटून लिहिलं: धाऊ. लिहिलं तर चालतं म्हणे. शिकलेल्यांचं बरं असतं.

दुसरा प्रश्न, इंजिनाचा रंग. काळा. इंजिनं काळीच असतात गो. कोळसा खाणार, धूर ओकणार, त्याला काय मोरपंखी लुगडं नेसवायचं? तू एवढी शिकलीस, दोन वर्षं त्या संग्रहालयात नोकरी करतेस, आणि मेलेल्या इंजिनाला जिवंतपणी कोणता रंग होता ते विचारत फिरतेस. माणसं मेल्यावर त्यांच्या अंगावर काय होतं ते कुणी विचारत नाय.

तुझ्या आजाला खाणीच्या साहेबाने दिलेला कागद भिंतीवर आहे, काचेच्या चौकटीत. उत्तम रंगकाम म्हणून दिलेला. तेवढं पुरे. बाकी मला काय ठाऊक नाय.

सकुबाई
(डाव्या हाताचा अंगठा)

*

नाशिक
३० ऑगस्ट २०२४

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

चिवड्याबद्दल कान पकडते. पण आजी, इंजिन काळं नव्हतं.

खर्डीच्या खडीच्या खाणीतलं तेच छोटं इंजिन आमच्याकडे आलंय. आजोबा खाणीत चौदा वर्षं इंजिनावर खलाशी, म्हणजे मदतनीस, होते आणि दर दसऱ्याच्या आधी ते रंगवायचे, एवढं मला घरातूनच ठाऊक आहे. खाण बंद झाल्यावर इंजिन एका शाळेच्या आवारात उभं होतं. शाळेने जवळजवळ दर पंधरा ऑगस्टला त्याला काळ्याचा एक हात मारलाय. ते काळं वरचं.

मी काय करते ते सांगते. पाण्याच्या टाकीवर चार आण्याएवढी जागा धरायची आणि पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासत जायचं. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशा रंगांच्या कड्या उघडत जातात. सगळ्यात आतली कडी सगळ्यात जुनी. वरच्या काळ्याखाली मला हिरवा सापडला. चौदा थर, आजी! आजोबांची वर्षंही चौदाच. आणि चौदा वर्षांत छटा एकदाही हललेली नाही. डब्यातला रंगसुद्धा इतका सारखा येत नाही.

अडचण अशी आहे, की हा हिरवा कुठल्याच कंपनीच्या जुन्या तक्त्यात नाही. आमचे शेखर सर माणूस चांगला आहे, पण कागदावर नसेल तर त्यांना डोळ्यांसमोरचंही दिसत नाही. खाणीची सामानाची वही सापडली आहे. तिच्यात १९६१ नंतर हिरवा रंग आलाच नाही. लाल डबे, काळी पूड, पिवळी पूड, थोडी नीळ, बास. फोटो एकच आहे, त्यात सगळंच काळं दिसतं. म्हणून सर म्हणतात, हिरवं हे नंतर कुणीतरी केलेलं, आपण काळं देऊ. तीस सप्टेंबरला वाळूचा मारा करून इंजिन लोखंडापर्यंत साफ करणार. मग ते चौदा थर जगात कुठेच उरणार नाहीत. दसऱ्याला पूजा आणि उद्घाटन.

अजून एक कोडं आहे. डाव्या टाकीवर, आजोबांच्या हिरव्याच्याही खाली, हातभर रुंदीचा विटकरी पट्टा आहे. त्यावर तेलकट काजळी. फक्त तेवढ्याच जागी. कशासाठी, काही कळत नाही.

आता एक विचारते, रागावू नकोस. आई म्हणाली की दिवाळीच्या पाडव्याला आपल्या बैलांची शिंगं हिरवी असायची, गावात दुसऱ्या कुणाची नसायची. आजोबा रंग घरी आणायचे का? आणला असेल तरी आता कुणी काही म्हणणार नाही. साठ वर्षं झाली. मला फक्त खरं हवंय.

तुझी,
अपेक्षा

*

खर्डी
१० सप्टेंबर २०२४

अपेक्षास,

गणपती घरात बसलाय, त्याच्यासमोर भांडण नको म्हणून तीन दिवस गप्प राहिले. आता बोलते.

तुझा आजा चोर होता का, हे तू मला विचारलंस. गोड बोलून विचारलंस. ‘कुणी काही म्हणणार नाही’ म्हणालीस. अगो, कुणी म्हणो न म्हणो, तू म्हणालीस ना! खाणीतून तो सुटला की गेटावर डबा उघडून दाखवायचा. रोज. भाकरीचा तुकडा उरला असला तरी दाखवायचा. बाकीचे हसायचे त्याला.

शिंगं हिरवी होती. होती तर होती. बैल आमचे, शिंगं आमची.

तुला खरं हवंय. खरं म्हंजे काय, रानात पडलेलं सरपण वाटलं का तुला, वाकून उचललं आणि मोळी बांधली? ज्याचं असतं त्याला विचारावं लागतं. ज्याचं आहे तो गेला.

तुझ्या सराला सांग, दे काळा. काळ्यात काय वाईट आहे? मी पण काळीच आहे.

या पत्रावर अंगठा देत नाय.

(आजी म्हणाल्या, हे लिहू नकोस, नुसतं ‘सर्व खुशाल’ लिही. मी सगळं लिहिलं. – आई)

*

खर्डी
१५ सप्टेंबर २०२४

चि. अपेक्षास अनेक आशीर्वाद.

हे पत्र माझं एकटीचं. आजींना ठाऊक नाही.

तुझ्यावरचा राग दोन दिवसांत उतरला, पण काहीतरी वेगळंच चाललंय. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरची ती चौकट उतरवली. पदराने पुसली आणि मांडीवर घेऊन बसल्या. मी जेवायला हाक मारली तर म्हणाल्या, “अनिता, यात काय लिहिलंय ते वाच.” मी नावाला अडखळत वाचलं: श्री. धाऊ यांस उत्तम रंगकामाबद्दल. त्या हसल्या. म्हणाल्या, “तू पण तसंच वाचतेस.”

मी विचारलं, तसंच म्हणजे कसं? त्यांनी चौकट पदराखाली घेतली.

काल अचानक म्हणाल्या, “मला वाशिंदला ने. जनाबाईकडे.” जनाबाई म्हणजे खाणीतल्या कमळू फिटरची बायको. फिटर जाऊन वीस वर्षं झाली, ती मुलाकडे असते. गुडघ्यांमुळे आजी दारातल्या तुळशीपर्यंत जात नाहीत आणि वाशिंद! मी म्हटलं, ह्यांना सुट्टी मिळू दे, रिक्षा करू. तर म्हणाल्या, “रविवारपर्यंत. त्यापुढे नाय.”

तू काय ते सांभाळून लिही. माझ्या मते तू चोरीबद्दल विचारलंस, ती वाट चुकीची होती. पण वाट होती.

तुझी,
आई

*

नाशिक
१८ सप्टेंबर २०२४

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

मी चुकले. आजोबांबद्दल असं विचारायला नको होतं. गेटावर डबा उघडून दाखवायचे हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. आता मी रोज संध्याकाळी वर्कशॉपमधून निघताना माझी बॅग उघडून वॉचमनला दाखवते. तो म्हणतो, मॅडम, बरं नाही का?

रंगाचं मी आता तुला विचारणार नाही. फक्त एक पाहिलेलं सांगते, कारण ते मनातून जात नाही.

त्या विटकरी पट्ट्यावरची काजळी मी आडवा दिवा धरून पाहिली. ती ब्रशने लावलेली नाही, आजी. हाताने फासली आहे, घाईघाईत. बोटांचे ओढ अजून तसेच आहेत. चार बोटांचे हवेत, तर तीनच आहेत, आणि मधे एक रिकामी जागा. सगळीकडे तसंच. कुणीतरी मधलं बोट नसलेल्या हाताने तो पट्टा झाकला, आणि मग आजोबांनी त्यावर चौदा वर्षं हिरवा दिला.

त्या रिकाम्या जागेवर मी माझं बोट ठेवून पाहिलं. का, ते सांगता येत नाही.

सरांना मी म्हटलं, तीस तारखेपर्यंत मला घरचं एक पत्र येईल. येईल असं मला वाटतं म्हणून म्हटलं नाही. दुसरं काही म्हणायला नव्हतं. नाही आलं तर इंजिन काळं होईल आणि माझं तुझ्यावर काही रुसणं नसेल.

तुझी,
अपेक्षा

*

खर्डी
२३ सप्टेंबर २०२४

चि. अपेक्षास आजीचा आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं. अनिताने ‘मधलं बोट’ असं वाचलं आणि मी तिला म्हटलं, थांब, परत वाच. तीन वेळा वाचून घेतलं. काल वाशिंदला जाऊन आले. जनाबाईला विचारायचं होतं, विचारलं. आता सांगते. अनिता, गाळायचं नाय, आज मी त्याचं नाव पण घेणार आहे.

ते बोट कमळू फिटरचं. खडीच्या डब्याच्या साखळीत गेलेलं.

तुझ्या आजाला रंग दिसत नव्हते गो.

आंधळा नव्हता. डोंगरावरचा ससा दिसायचा. पण लाल आणि हिरवा त्याच्या डोळ्यांना एकच. पिकलं करवंद आणि कच्चं करवंद त्याने आयुष्यात चाखूनच ओळखलं. लग्नानंतर महिन्याभरात मला कळलं. मी लाल लुगडं नेसून उभी राहिले आणि तो म्हणाला, हे हिरवं तुला शोभतं. मला वाटलं थट्टा करतोय. मग त्याचं तोंड बघितलं.

(इथे मी थांबले. आजी म्हणाल्या, रड आणि मग लिही. – आई)

खाणीत रंगाचं काम त्याच्याकडे आलं ते चौथी शिकलेला म्हणून. डब्यावरचं नाव वाचायचा, त्यावर चालायचं. पहिल्याच वर्षी, एकसष्ट साली, दसऱ्याच्या आधी कुणीतरी दोन्ही रंग करवंट्यांत काढून ठेवले. पुढच्या पट्टीचा लाल आणि टाकीचा हिरवा. आता करवंटीवर काय अक्षर असतं? त्याने वास घेतला, दोन्हींना तेलाचाच वास. एक उचलली आणि डाव्या टाकीवर हातभर ओढली.

कमळू फिटर मागून आला. त्याने बघितलं. तो तुझ्या आजाच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि तिकडून साहेब येत होता. कमळूने धुराड्यातली काजळी तेलाच्या फडक्यासकट उचलली आणि टाकीवर फासली. साहेबाला म्हणाला, माझ्या हातून तेल सांडलं साहेब, रंगाचा डबाही लवंडला, धाऊची काय चूक नाय. साहेबाने कमळूला सगळ्यांसमोर झापलं. तो खाली मान घालून उभा. फिटर होता गो तो, खलाशाच्या वरचा माणूस.

मग साहेब गेल्यावर म्हणाला, “धाऊ, तुला दिसत नाय ना?” आजा म्हणाला, “नाय.” कमळू म्हणाला, “घरी कुणाला दिसतं?”

तेव्हापासून रंग मी केला. चोरून नाय, कमळूने साहेबाला विचारून पुड्या घरी धाडल्या. म्हणाला, पूड तेलात आठ दिवस घोटावी लागते, खाणीत धूळ बसते, धाऊ घरी घोटील. हिरवा डबा लवंडला म्हणून सांगितलेलं, आणि दुसरा आलाच नाय. आल्या त्या काळी आणि पिवळी. मी वैशाखऱ्याची, मुरबाडच्या घाटाखाली करवंदाच्या जाळ्यांत गुरं राखून मोठी झालेली. पिवळ्यात काळं पडलं की हिरवं होतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. भिंती सारवताना केलंय. वर निळीची चिमूट, नायतर मळकं दिसतं. जुन्या पाट्यावर अळशीच्या तेलात घोटायची, माझे हात पंधरा दिवस वास मारायचे.

पण इंजिनाचा मूळ हिरवा कसा होता हे आजाला सांगता येईना, आणि मला खाणीत कोण घेणार? गवताचा भारा डोक्यावर घेऊन रुळाच्या पलीकडून दोन वेळा गेले. इंजिन उभं होतं. करवंदाचं जून पान, दुपारच्या उन्हातलं, अगदी तसं. घरी येऊन पान तोडलं आणि पाट्यावर रंगाशेजारी ठेवलं. दर वर्षी तेच केलं. करवंद कधी पानं टाकत नाय, म्हणून तुझे चौदा थर एकसारखे. तुझ्या कंपनीच्या तक्त्यात ते कुठून सापडणार?

डब्यांना मी कोयत्याने खाचा पाडल्या. एक खाच हिरवा, दोन खाचा लाल. त्याला अक्षर दिसायचं, रंग नाय. मला रंग दिसायचा, अक्षर नाय. दोघांत मिळून एक माणूस नोकरीला होता.

आता त्या चौकटीचं. साहेबाने तो कागद दिला तेव्हा आजा धावत घरी आला. मला वाचून दाखवला: “सकुबाई हिस उत्तम रंगकामाबद्दल.” मी म्हटलं, साहेबाला माझं नाव कसं ठाऊक? म्हणाला, कमळूने सांगितलं. दर दसऱ्याला तो कागद उतरवायचा, मला वाचून दाखवायचा. मी अंघोळ करून, पदर डोक्यावर घेऊन ऐकायची. सात वर्षं ऐकलं. मग तुझा बाप शाळेत जायला लागला, दुसरीत होता, त्याने बोट लावून मोठ्याने वाचलं: “श्री. धाऊ.”

मी चुलीकडं तोंड करून बसले. आजा म्हणाला, “पोरगं अजून नीट शिकलेलं नाय.”

त्याने मला फसवलं गो. एवढं चांगलं मला कुणी फसवलं नाय.

म्हणून मी बोलत नव्हते. लोक म्हणतील, आंधळा रंगारी, बायकोच्या डोळ्यांवर नोकरी केली. आणि कमळूने साहेबाला खोटं सांगितलं हे बाहेर येईल. म्हणून जनाबाईला विचारायला गेले, तुझ्या नवऱ्याने झाकलेलं मी उघडू का. जनाबाई हसायला लागली. म्हणाली, “सकू, मला त्याच दिवशी ठाऊक झालं होतं. तो घरी आला, अंगावर काजळी, मी विचारलं, त्याने सांगितलं.” तेव्हापासून ती माझ्याकडे हळदीकुंकवाला आली, लग्नाला आली, बाळंतपणात महिनाभर भाकऱ्या घालून गेली, आणि एकदा, एकदासुद्धा तोंडातून काढलं नाय. मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यासाठी लपवत होती. दोघी बसलो आणि हसलो. मग थोडं रडलो. मग तिच्या सुनेने चहा दिला.

जनाबाई म्हणाली, “उघड. त्याने हात काळे केले ते रंग दिसावा म्हणून, झाकून मरावा म्हणून नाय.”

सोबत एक वस्तू पाठवते. माळ्यावर आपलं जुनं जू आहे, त्याच्या दोन टोकांना बैलाची मान अडकवायला खुंट्या असतात ना, त्या शिवळा. पाडव्याला शिंगं रंगवून उरलेला हात आजा त्यांनाच पुसायचा. त्यातली एक पाठवते. दुसरी माझ्याकडं राहू दे.

हे तुझ्या सराला दाखव. नावासकट. आता मला लाज नाय.

सकुबाई
(अंगठा, दोन वेळा. एक माझा म्हणून, एक त्याच्या वतीने.)

*

नाशिक
१४ ऑक्टोबर २०२४

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

आधी निकाल. इंजिन हिरवं आहे.

पत्र सत्तावीसला पोचलं. मी ते सरांना वाचून दाखवायला गेले आणि करवंटीपर्यंत येऊन कागद त्यांच्याच हातात दिला. पुढचं सरांनी मनात वाचलं. मग उठले, सामानाची वही काढली, आणि काळी पूड, पिवळी पूड, नीळ या तिन्ही नोंदींवर बोट ठेवून म्हणाले, “आपण हिरवा शोधत होतो आणि तो इथे तीन ओळींत लिहिलेला होता.” मग आपणहून डाव्या टाकीपाशी गेले आणि दिवा आडवा धरून ती तीन बोटं पाहत उभे राहिले. वाळूवाल्याला त्यांनीच फोन करून सांगितलं, येऊ नका.

तुझी शिवळ आली तेव्हा मला धक्काच बसला. हिरवी कसली, पिवळट तपकिरी! मग सरांनीच सांगितलं, अळशीचं तेल अंधारात राहिलं की पिवळं पडतं, उजेडात ठेव. खिडकीत ठेवली. आठ दिवसांत हिरवा वर आला, जसा काही झोपेतून उठला. मी पेठच्या डोंगराकडून करवंदाची पानं आणली, दुपारी उन्हात शिवळीशेजारी ठेवली आणि चौदा थरांच्या कडीशी लावून पाहिली. आजी, तिन्ही एक.

रंग आम्ही तुझ्या पद्धतीने घोटला. पाटा नव्हता, काचेवर घोटला. माझे हात अजून वास मारतायत. मला ते धुवावेसे वाटत नाहीत.

शाळेचं काळं तेवढं उतरवलं, आजोबांचे हिरवे थर काढले नाहीत. नवा रंग त्यांच्यावरच दिला, पंधरावा. डाव्या टाकीवर मात्र हातभर जागा तशीच उघडी ठेवली आहे. विटकरी पट्टा, काजळी, आणि बोटं. तिच्यावर काच बसवली.

दसऱ्याला पूजा झाली. तू सांगितलं नव्हतंस, तरी मी इंजिनासमोर तांदळाची भाकर ठेवली. आणि पाटी लावली. तिचा मोठा फोटो सोबत पाठवते. तिच्यावर काय आहे ते मी इथे लिहीत नाही. आई वाचून दाखवेल.

एक लपवलं होतं, ते सांगते. माझी नोकरी दसऱ्यापर्यंतचीच होती. काळं इंजिन देऊन मी घरी आले असते. काल सरांनी मला पुढच्या इंजिनाची फाइल दिली. म्हणाले, ह्याचाही रंग शोधा, आणि आधी तिथल्या बायकांना विचारा.

तुझी,
अपेक्षा

*

खर्डी
२१ ऑक्टोबर २०२४

चि. अपेक्षास आजीचा आशीर्वाद.

फोटो आला. अनिताने पाटी वाचली: “या इंजिनाचा रंग सकुबाईने केला, धाऊने दिला आणि कमळू फिटरने राखला.”

मी तिला म्हटलं, खरं वाच.

ती म्हणाली, खरंच वाचते आहे. आता एकदा फसलेली बाई मी. मी काय लगेच ऐकणार? तुझा बाप कामावरून आला, त्याला दिलं, म्हटलं वाच. त्याने तेच वाचलं. म्हटलं, हे नवराबायको आधीच ठरवून बसले असतील. शेजारच्या रुचिताला बोलावलं, तिनेही तेच वाचलं, पण ती अनिताची मैत्रीण. मग दारात बसून राहिले. टपालवाला आला, त्याला अडवलं. तो म्हणाला, “आजी, गडबडीत आहे.” मी म्हटलं, “तीन नावं आहेत, वाच आणि जा.” त्याने सायकलवरूनच वाचलं. पहिलं नाव सकुबाई. तो माणूस पालघरकडचा, आमच्या घरातलं कुणालाच ओळखत नाय, त्याला खोटं बोलायचं काय कारण?

तेव्हा विश्वास बसला.

अपेक्षा, मी कधी कुणाचे आभार मानले नायत. आमच्यात ती पद्धत नाय, जेवायला वाढतात किंवा नातवंडाला बघून जातात. पण तुझे मानते. तू ऐकलं नाय म्हणून. मी काळा म्हटलं तरी तू घासत राहिलीस म्हणून. आणि तुझ्या सराचे मानते, आणि त्या वाळूवाल्याचे, न आल्याबद्दल.

चौकट परत भिंतीवर लावली आहे. तुझा फोटो तिच्याशेजारी. एकात माझं नाव नाय, एकात आहे. आजा असता तर त्याला दोन्ही वाचायला लावले असते. त्याने दोन्हींत माझंच वाचलं असतं.

पाडव्याला आता बैल नायत, ट्रॅक्टर आहे. अनिताला सांगून थोडी पिवळी, थोडी काळी आणली आहे. मी पाट्यावर बसून घोटते. दारात करवंद आहेच. माळ्यावरच्या दुसऱ्या शिवळीला एक हात देणार आहे. माझे डोळे आता अंधुक झालेत, पण हिरवा अजून चुकत नाय.

आता कामाचं ऐक, आणि यावेळी विसरू नकोस, कुठंतरी लिहून ठेव. दिवाळीला येताना खर्डीला न उतरता पुढं वाशिंदला उतर आणि आधी जनाबाईकडे जा. तिला पाटीचा फोटो दे आणि तिच्या सुनेकडून वाचून घेऊ दे, तू वाचू नकोस. तिच्या तोंडात अजून बत्तीसच्या बत्तीस दात आहेत, देवाने काय हिशेबाने दिले कोण जाणे. तिला नाशिकचा तोच चिवडा ने, दोन किलो, चांगला तिखट, कांदा कुरकुरीत हवा. आणि मला पेढे, पण मऊ. बोटाने दाबून बघ, बोट आत गेलं तरच घे.

सकुबाई
(अंगठा. हिरवा दिसेल, हात धुतले नायत.)